स्वमग्न मुलांमधील मंत्रचळ : एका मापनश्रेणीची चिकित्सा

कल्पना-क्रिया अनिवार्यतेला, म्हणजे ओसीडीला, मराठीत ‘मंत्रचळ’ हा बोलका शब्द आहे, उर्दूत ‘वसवसा’. दोन्ही शब्दांत नकोसेपणा आहे. विचार नको असतो, तरी तो जात नाही. ‘छंद’ या शब्दात हा नकोसेपणा नाही. स्वमग्न मुलांचे मूल्यमापन नेमके या सीमेवर अडते.

मुलांसाठीची येल-ब्राउन श्रेणी (१९९७) ४० गुणांची आहे. निम्मे गुण विचारांना, निम्मे कृतींना. विचाराने त्रास होतो का, त्याला विरोध केला जातो का, असे ती विचारते. मूल स्वतःच्या मनाचे वर्णन करू शकेल, हे तीत गृहीत आहे. अनेक स्वमग्न मुलांना ते जमत नाही. म्हणून स्केहिल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये विचारांचा भाग गाळून केवळ कृतींची २० गुणांची श्रेणी मांडली. तडजोड व्यवहार्य आहे. परंतु मंत्रचळ आणि छंद यांतला भेद ज्यावरून कळावा, तोच भाग त्यात गळाला. ही श्रेणी पुनरावृत्तीची तीव्रता मोजते. तिचे गुण निदान म्हणून वाचणे ही वाचणाऱ्याची चूक होय.

या चुकीची किंमत मुलाला मोजावी लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १४९ स्वमग्न मुलांच्या पुनरावृत्त वर्तनावर सिटॅलोप्रॅम हे औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही; दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. उलट, हात सोलवटेपर्यंत धुणारा मुलगा ‘तो स्वमग्नच आहे’ म्हणून दुर्लक्षित राहतो, तेव्हा उपचार होऊ शकणारे दुःख तसेच राहते.

आपल्याकडची स्वमग्नता-मापनाची भारतीय श्रेणी ४० विधानांची आहे. तीत पुनरावृत्त हालचाली व बदलाला विरोध यांची नोंद होते. पण तिचे काम स्वमग्नता मोजण्याचे, मंत्रचळ वेगळा काढण्याचे नव्हे.

भाषेचा पेच वेगळाच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील माधवगंजमधल्या मराठी घरात आई ‘नाद लागलाय’ म्हणेल. हिंदीत नोंद करणारा ‘शौक’ लिहील किंवा ‘सनक’. एकात आनंद, दुसऱ्यात खूळ. आईच्या मनात यांपैकी काय होते, हे कागदावरून कळणार नाही. अशा वेळी शब्दाचे भाषांतर करण्याऐवजी प्रसंग विचारणे बरे. ‘रोखले तर चिडतो का?’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण छंद मोडला तरी मूल चिडतेच. कृती करताना चेहरा खुलतो की कासावीस होतो? हे वर्तन लहानपणापासूनचे, की अलीकडे वाढलेले? न केल्यास काही वाईट घडेल असे तो शब्दांनी, खुणांनी वा चित्रातून सुचवतो का?