‘बनगरवाडी’तील संस्थान : भूगोल, अर्थकारण आणि संस्कृती

प्रास्ताविक

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने ‘ग्रामीण’ वा ‘प्रादेशिक’ कादंबरी म्हणून झाला आहे. त्यामुळे माणदेशी बोली, निसर्ग आणि धनगरांचे जीवन यांवर योग्य प्रकाश पडला. परंतु ही वाडी औंध संस्थानात वसलेली आहे, ही बाब पार्श्वभूमीपुरतीच राहिली. प्रस्तुत लेखात या संस्थानाच्या संदर्भात कादंबरीचे पुनर्वाचन केले आहे.

भूगोल

सुमारे पाचशे चौरस मैलांचे औंध हे समुद्रापासून दूर, इंग्रजी मुलखाने व शेजारच्या संस्थानांनी वेढलेले छोटे राज्य होते. त्याचा प्रदेशही सलग नव्हता. राजधानी औंध एकीकडे, तर माडगूळकरांचा आटपाडी तालुका दुसरीकडे, माण नदीच्या खोऱ्यात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात शेती बेभरवशाची. म्हणून मेंढरू हाच धनगराचा आधार. राजाराम सौंदणीकर या तरुण मास्तराची शाळा सुरुवातीस ओस राहते, ती अज्ञानामुळे नव्हे. मुले मेंढरांमागे गेली नाहीत, तर घर चालत नाही.

अर्थकारण

याच संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली व तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. कादंबरीत मात्र दुसऱ्या बैलाअभावी शेकूची बायको स्वतःला औताला जुंपून घेते. हा प्रसंग स्त्रीच्या कष्टाळूपणाचे उदाहरण म्हणून वाचणे अपुरे आहे. नांगर कारखान्यात घडत असला, तरी तो ओढण्यास जनावर लागते आणि जनावरास वैरण. औद्योगिक प्रगती व कोरडवाहू दारिद्र्य एकाच छोट्या राज्यात शेजारी नांदत होते, हे येथे भाष्याविना दिसते.

संस्कृती आणि राज्यसत्ता

राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार व सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत प्रकल्पासाठी त्यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये औंधात ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अमलात आली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील कैद्यांच्या मुक्त वसाहतीचा प्रयोगही याच काळातला.

हा संदर्भ ध्यानी घेतल्यास वाडीतील तालमीचे महत्त्व कळते. मास्तराच्या पुढाकाराने गावकरी श्रमदानातून तालीम उभारतात आणि तिच्या उद्‌घाटनास प्रत्यक्ष राजा येतो. मोठ्या राज्यात असंभाव्य वाटणारी ही घटना येथे स्वाभाविक ठरते. राज्य लहान असल्याने राजा वाडीपर्यंत पोहोचतो.

तथापि, त्यानंतर दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. शाळा व तालीम शाबूत राहतात. त्यांचा उपयोग करणारी माणसेच राहत नाहीत. सत्ताधारी सहृदय व जवळचा असूनही पाण्याचा प्रश्न सुटत नाही, हे या कादंबरीचे सर्वांत कठोर विधान होय. त्याचा दोष ती राजावर ठेवत नाही. पण त्याच्या लोकप्रियतेआड ते सत्य झाकतही नाही.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. निवेदक हा संस्थानचा नोकर असल्याने राज्यकारभार त्याच्या नजरेतूनच दिसतो. सारा, वसुली आणि कर्ज यांकडे धनगराच्या बाजूने पाहण्यास कादंबरीत फारसा वाव नाही.

निष्कर्ष

औंध संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर सात वर्षांनी ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. म्हणजे ती कालातीत खेड्याची नव्हे, तर नुकत्याच संपलेल्या एका राज्यव्यवस्थेची कादंबरी आहे. ‘प्रादेशिक’ ही संज्ञा वापरताना प्रदेश म्हणजे केवळ माती आणि बोली असे गृहीत धरले जाते. त्यात शाळा, खजिना, सीमा आणि सत्ता यांचाही समावेश केल्याखेरीज या कलाकृतीचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.