झेडएफएस 'जोर लावा' म्हणतं तेव्हा

वैजापूरकर श्रोतेहो, आज टीका करायची आहे ती संगणकाच्या एका संदेशावर.

झेडएफएस ही साठवणप्रणाली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू ॲरेन्स यांनी उभी केली. २००५ साली तिचा कोड खुला झाला. आज ती फ्रीबीएसडी आणि लिनक्सवर चालते. तिथं अनेक डिस्क मिळून एक 'पूल' होतो. जुन्या मशीनवरून रीतसर एक्स्पोर्ट न करता डिस्क नव्या मशीनला जोडल्या, की इम्पोर्ट अडतो.

अडतो हे बरंच आहे. नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचं पाणी आपल्याकडे पाळीनं येतं. एकाच्या पाळीत दुसऱ्यानं दार फिरवलं, तर भांडण होईल. पण दोन मशीननी एकाच वेळी पूल उघडून लिहायला घेतलं, तर सगळा पूलच बिघडू शकतो. म्हणून झेडएफएस थांबतं. जुन्या मशीनचं नाव आणि शेवटच्या वापराची वेळही सांगतं. इथवर पूर्ण गुण.

माझा आक्षेप आहे तो शेवटच्या ओळीवर. तिथं लिहिलेलं असतं : लहान 'एफ' लावा, इम्पोर्ट होईल. घाबरलेला माणूस तेवढीच ओळ वाचतो. जुनं मशीन खरंच बंद आहे का, हा प्रश्न तिथं कुणी विचारतच नाही. मोठा 'एफ' तर वेगळाच. पूल खराब असेल, तर तो शेवटचे काही बदल टाकून देतो आणि मागच्या चांगल्या स्थितीत जातो. एक मालकीची तपासणी ओलांडतो, दुसरा लिहिलेलं सोडतो. फरक काय, तर शिफ्टच्या कळीचा!

तिसरा संदेश आणखी कठोर : 'पूल नष्ट करा, बॅकअपवरून नवा बनवा.' आता बघा, हे वाचूनही फक्त-वाचन पद्धतीनं इम्पोर्ट केल्यावर डेटा हाती लागल्याची उदाहरणं आहेत. संदेश त्याबद्दल गप्प.

तेव्हा क्रम आपणच ठेवायचा. आधी पुलाचं नाव न देता 'झेडपूल इम्पोर्ट' चालवा. त्यानं काही उघडत नाही, फक्त यादी आणि स्थिती दिसते. डिस्क गायब असेल तर केबल तपासा. मग फक्त-वाचन, आणि लगेच डेटाची प्रत. मोठा 'एफ' लावायचाच झाला, तर आधी सोबत लहान 'एन' लावून नुसती चाचणी घ्या.

'नष्ट करा' हा सल्ला मात्र सगळ्यात शेवटी ऐकायचा.