'सेरेंगेटी'च्या गणतीतून सुटलेला प्राणी

वन्यजीवनावरचे चित्रपट आता शाळांतून सहज दाखवले जातात. या परंपरेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे बेर्नहार्ट ग्रझिमेक यांचा 'सेरेंगेटी मरता कामा नये' (१९५९) हा जर्मन माहितीपट. त्याला १९६० साली ऑस्कर मिळाले. आफ्रिकेतले निसर्गजीवन म्हणजे माणसाविना पसरलेले अफाट गवताळ रान, ही प्रतिमा जगभर रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणूनच ती तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम त्याचे श्रेय. ग्रझिमेक पितापुत्रांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून आजच्या टांझानियातल्या या मैदानांवरची जनावरे मोजली, कळपांच्या स्थलांतराचा माग काढला आणि उद्यानाची नियोजित हद्द त्या स्थलांतराशी जुळत नाही हे दाखवून दिले. या कामातच जानेवारी १९५९ मध्ये विमान गिधाडावर आदळून मुलगा मिखाएल मरण पावला. संरक्षणाआधी मोजणी हवी, हा धडा या चित्रपटाने दिला.

आक्षेप आहे तो त्यामागच्या भूमिकेवर. राष्ट्रीय उद्यानात माणूस, अगदी तिथला मूळ रहिवासीही, असू नये असे ग्रझिमेक यांचे मत होते. १९५९ सालीच मसाई पशुपालकांना उद्यान सोडून लगतच्या न्गोरोंगोरो क्षेत्रात जावे लागले. त्याच वर्षी जुलैत, त्याच क्षेत्रातल्या ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मानवकुळातली कवटी सापडली. जवळच्या लाएटोली येथे १९७८ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची, दोन पायांवर चालणाऱ्यांची पावले मिळाली. त्या राखेत हत्ती, जिराफ आणि सशांचेही ठसे आहेत. या ठशांनी मसाईंचा हक्क सिद्ध होत नाही. ते या भागात गेल्या काही शतकांतच आले. पण 'माणूस नसलेले आदिम रान' ही कल्पना मात्र टिकत नाही.

दुसरा पुरावा बुळकांडीचा. गुरांचा हा रोग १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत पसरला आणि गुरांबरोबर वाइल्डबीस्टही मेले. १९५० नंतर आसपासच्या गुरांना लस टोचली जाऊ लागली आणि रानातला रोगही हटला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच लाख असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या आसपास पोचले. त्यांनी गवत खाल्ले, म्हणून वणवे घटले. वणवे घटले, म्हणून झाडे वाढली. म्हणजे गुराख्याच्या गोठ्यात टोचलेल्या सुईने जंगल बदलले. उद्यानाच्या कुंपणाने हे साधले नसते.

ग्रझिमेक यांची भीती निराधार होती असे मात्र आम्ही म्हणत नाही. सीमेलगत वाढणारी वस्ती, गुरे आणि शेती यांचा ताण उद्यानाच्या आतवर पोचतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. हद्दी लागतात. प्रश्न असा, की त्या आखताना कोणाला विचारले जाते? जून २०२२ मध्ये लोलिओंडो येथे १,५०० चौरस किलोमीटर जमीन संरक्षणासाठी वेगळी काढताना पोलीस आणि मसाई यांच्यात हिंसक संघर्ष झाला. माणसाला गणतीबाहेर ठेवणारी दृष्टी अजून संपलेली नाही.

हा चित्रपट शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावा. त्यातली तळमळ खरी आहे आणि निरीक्षणाची शिस्तही शिकण्यासारखी आहे. मात्र तो संपल्यावर मुलांना विचारावे : इथे कोणकोणते प्राणी मोजले, आणि कोणता राहिला? त्या उत्तरापासून निसर्गसंरक्षणाचा पाठ सुरू करता येईल.