सरहद्द स्टेशनावरची माणसं

ठाणे-डोंबिवलीतल्या विज्ञानकथावेड्या मंडळींमध्ये ‘अँडोर’वरून जो वाद चालतो, त्यात मालिका चांगली की वाईट हा मुद्दा फारसा नसतोच. प्रश्न असतो तो ही ‘स्टार वॉर्स’ म्हणावी का, हा. एक बाजू म्हणते, यात जेडाय नाहीत, लाइटसेबर नाही, स्कायवॉकर घराण्यातलं कुणी नाही. मग ते नाव कशाला? दुसरी बाजू म्हणते, 1977 पासून साम्राज्य जुलमी आहे असं आपण ऐकत आलो. तो जुलूम रोजच्या जगण्यात कसा शिरतो, हे दिसलं ते इथेच. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण पहिल्या बाजूचा प्रश्न मला झटकून टाकावासा वाटत नाही. मूळ कथेशी नातं कशाने टिकतं, हे ठरल्याशिवाय उपकथेचं मोल ठरवताच येणार नाही.

‘रोग वन’ (2016) या चित्रपटाचं बीज 1977च्या मूळ चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर सरकणाऱ्या मजकुरातच आहे. बंडखोरांच्या हेरांनी शत्रूच्या महाकाय शस्त्राचे आराखडे पळवले, एवढंच तिथे सांगितलं होतं. ते पळवणारे कोण, त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणाला सवडच नव्हती. ‘रोग वन’ने ते विचारलं, आणि त्यातला कॅसियन अँडोर त्या चोरीपर्यंत कसा पोचला हे टोनी गिलरॉयने ‘अँडोर’मध्ये 2022 ते 2025 या काळात दोन पर्वांच्या चोवीस भागांत सांगितलं. शेवट आधीच ठाऊक असूनही ओढ कमी होत नाही, कारण इथे उत्सुकता माणसाबद्दलची आहे.

नार्किनाच्या तुरुंगाचे भाग पाहा. पांढरीशुभ्र, लखलखीत जागा. कैदी अनवाणी, कारण पायाखालच्या फरशीतून विजेचा झटका देता येतो. एका टेबलावर सात जण, यंत्राचे सुटे भाग जोडत बसलेले. पाळीत सर्वांत मागे पडणाऱ्या टेबलाला झटका, पहिल्या येणाऱ्यांच्या खाण्याला चव. पहारेकरी फारसे लागतच नाहीत. कैदीच एकमेकांना हाकत राहतात. आपण नेमकं काय बनवतोय, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. पहिल्या पर्वाच्या अगदी शेवटी, श्रेयनामावली संपल्यावर, ते भाग त्याच महाकाय शस्त्राला बसवले जाताना दिसतात. जेडाय नसलेल्या या प्रसंगाने मूळ चित्रपट पुन्हा पाहायला लावला आणि त्या शस्त्रामागचे हात दाखवले. मूळ कथेशी याहून जवळचं नातं कोणतं असणार?

याउलट ‘सोलो’ (2018). हानला आडनाव कसं मिळालं, यान कसं मिळालं, च्युबाका कुठे भेटला, सगळ्याची उत्तरं हजर. पण हे प्रश्न कुणाला पडले होते? ‘ओबी-वॉन केनोबी’त (2022) तर गुरू-शिष्य समोरासमोर उभे ठाकतात आणि दोघांपैकी कुणीही मरणार नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. लहानगी लेया संकटात सापडते, तीही वाचणारच. ज्यांचं भविष्य आधीच लिहिलेलं आहे, त्यांच्या जिवाची भीती घालून कथा उभी राहत नाही. बाकीच्या मालिकांबद्दल स्वतंत्र लिहावं असं मला वाटत नाही. त्या बहुतेक याच दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात.

हा वाद मराठी वाचकाला नवा वाटू नये. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पुरी झाली. मूळ संहितेतलं काय आणि मागाहून शिरलेलं काय, याचा दीर्घ पंडिती निवाडा. आणि लगेच 1967 साली शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं. व्यासांचा कर्ण असा नाही, हा आक्षेप तेव्हापासून आजवर ऐकू येतो, आणि तरीही घराघरांत वाचला जातो तो सावंतांचा कर्ण. त्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण बोलतात. पण वृषाली आणि शोणही बोलतात. मला तिचं खरं धाडस या दोघांत दिसतं. महाकाव्याने ज्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही, त्यांच्या तोंडी कथा दिली गेली. लुकासफिल्मने 2014 साली जुन्या कादंबऱ्यांचा सारा संसार ‘लीजेंड्स’ म्हणून अधिकृत कथेबाहेर काढला, तेव्हा जगभरचे चाहते हळहळले. त्यांच्या बाजूने उभं राहायला मराठी वाचकाला वेगळी तयारी लागत नाही.

मग मराठी विज्ञानकथेत अशा उपकथा का नाहीत? वाचकांची वाण नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893चं. डोंबिवलीकर तर पुस्तकांच्या आदानप्रदानासाठी पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन रांगा लावतात. लेखकांचीही वाण नाही. जयंत नारळीकरांनी 1974 साली नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पुढे बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी ही कथा वाढवली. पण ती वाढली स्पर्धेच्या आणि दिवाळी अंकाच्या मापाने. एक कल्पना, दहाबारा पानं, शेवटी उलगडा, आणि ते जग तिथेच मिटलं. पुढच्या दिवाळीला नवी कल्पना, नवी माणसं. या मापाने आपल्याला उत्तम कथा दिल्या. पुन्हा परतून जावं असं जग मात्र दिलं नाही. विज्ञान समजावून सांगण्याची जबाबदारीही या कथेने आपणहून खांद्यावर घेतली. त्या ओझ्याखाली दुय्यम पात्रं प्रश्न विचारण्यापुरतीच उरली.

पडद्यावर थोडं निराळं घडलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017च्या चित्रपटात तरुण होऊन आला, आणि दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेले खुद्द भागवत त्याला भेटले. फुरसुंगीचा तो पोरगा यात हरवला, अशी तक्रार जुने वाचक करतात. मला तो बदल रास्त वाटतो, कारण अन्याय दिसला की मध्ये पडण्याची त्याची खोड शाबूत आहे. आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ (2022) तर डोंबिवलीतच घडतो. नवं टोलेजंग संकुल, शेजारी पाण्याला मोताद झालेली वस्ती, बाटलीबंद पाण्याचा धंदा आणि त्यातून सुटलेली साथ. ज्या शहरात 2014 साली हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली आणि 2020 साली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तिथे ही कल्पना हवेतली वाटत नाही. याच दिग्दर्शकाचा ‘मुंज्या’ (2024) कोकणातला असूनही ‘स्त्री’पासून सुरू झालेल्या हिंदी भयविनोदी मालिकेचा भाग झाला. कोकणातल्या भुताला विश्व मिळालं ते हिंदीत.

पण ज्याचं विश्व व्हावं असं एक जग मराठी लेखकाने केव्हाच उभं करून ठेवलं आहे, आणि त्याची वाट आपल्याच गावांतून जाते. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात, जिथे विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. या कथेचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकात आहे. त्यात जिजामाता एक्स्प्रेस पुण्याहून सुटते, लोणावळा घेते, कर्जतला क्षणभर थांबते आणि कल्याणवरून न थांबता धडधडत निघून जाते. मग लांब बोगदा, आणि बोगद्यापलीकडे सरहद्द नावाचं छोटं स्टेशन. तिथे गणवेशातला अँग्लो-इंडियन परवाने तपासतो, कारण ब्रिटिश राज्य तिथून सुरू होतं. कल्याणनंतरचा लांब बोगदा पारसिकचाच असणार. म्हणजे त्या जगातली देशाची सीमा आपल्या कळवा-ठाण्याच्या आसपास पडते.

प्राध्यापकांना मुंबई गाठायची आहे, म्हणून कथा सरहद्दीवर रेंगाळत नाही, आणि तेच बरोबर आहे. उपकथेने मात्र तिथेच उतरायला हवं. त्या जगातलं कल्याण मराठी राज्याचं शेवटचं मोठं शहर असेल का? खाडीपलीकडे नोकरी करणारा कल्याणकर रोज परवाना दाखवत असेल का? एक बहीण बोगद्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे दिली असेल, तर दिवाळीला माहेरी कोण कुणाच्या परवानगीने येत असेल? परवाने तपासणाऱ्या त्या माणसाला ओळखीच्या म्हाताऱ्याला गाडीतून उतरवावं लागलं, तर? इथे विश्वासरावांच्या गोळीचं गणित पुन्हा समजावायला नको. ते नारळीकरांनी केलेलंच आहे.

असं लेखन माझ्या वाचनात आलेलं नाही. ते यायचं तर दोन गोष्टी लागतील. नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले; त्यांच्या जगात इतरांनी लिहायचं तर हक्कदारांची रीतसर परवानगी लागेल, आणि कोणते नियम मोडायचे नाहीत हे आधी लिहून ठरवावं लागेल. ते नियम काटेकोरपणे सांभाळतील असे वाचक आपल्याकडे आहेत. जेडाय नसलेली मालिका ‘स्टार वॉर्स’ कशी, म्हणून भांडणारे हेच ते. दुसरी गोष्ट संपादकांच्या हातात आहे. दर दिवाळीला विज्ञानकथेची पानं नव्या कल्पनांना जातात. त्यातली काही पानं सलग तीन-चार वर्षं एकाच जगाला आणि चार-पाच लेखकांना द्यावीत. पहिल्या वर्षी सरहद्द स्टेशन घ्यावं आणि गायतोंडे प्राध्यापकांना त्यात अजिबात आणू नये.