जुन्या कागदांच्या छायाप्रती आणि त्यांवरील ‘परवाने’

अलीकडे संकेतस्थळांवर जुन्या पोथ्या व दप्तरें यांच्या छायाप्रती प्रसिद्ध होऊं लागल्या आहेत, ही संशोधकांस आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्यांच्याखालीं मालकीचीं व परवान्याचीं जीं वाक्यें घातलेलीं असतात, त्यांची छाननी फारसा कोणी करीत नाहीं. एक ‘सर्व हक्क स्वाधीन’ असें लिहितो; दुसरा उदार होऊन ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा खुला परवाना लावतो. आमच्या मतें पुष्कळ ठिकाणीं दोघेही चुकतात, आणि चूक एकच असते. जो हक्क आपला नाहीं तो राखतां येत नाहीं, तसा दुसऱ्यास देतांही येत नाहीं.

इ. स. २००९ मध्यें विकिपीडियाच्या एका अमेरिकन स्वयंसेवकानें लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहांतील सुमारें ३,३०० चित्रांच्या छायाप्रती उतरवून विकिमीडियाच्या भांडारांत ठेविल्या. चित्रें जुनीं, हक्काची मुदत संपलेलीं. तरी छायाचित्रें आमचीं, म्हणून गॅलरीनें वकिलाकरवीं पत्र धाडलें. जुन्या चित्राच्या तंतोतंत छायाचित्रांत नवीन निर्मिति नसते, असा निर्णय न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानें ब्रिजमन विरुद्ध कोरल या खटल्यांत १९९९ मध्येंच दिला होता. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशांतही तेंच तत्त्व आलें आहे. मात्र तें दृश्य कलाकृतींपुरतें आहे, पत्रें व हिशेब त्यांत येत नाहींत, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

याहून विचार करण्याजोगा खटला मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांचा. एलिशा किम्रॉन यांनीं एका हिब्रू लेखाचे विखुरलेले तुकडे जुळवून, गळालेल्या जागा भरून, १२१ ओळींची संहिता सिद्ध केली. हर्शेल शँक्स यांनीं १९९१ मध्यें ती किम्रॉन यांचें नांव न देतां छापली. मूळ मजकूर सुमारें दोन सहस्र वर्षांचा असला तरी जुळविलेली संहिता ही संपादकाची निर्मिति होय, असें इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानें २००० मध्यें ठरविलें. नांव गाळणें हा अन्याय होता, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. परंतु पाठावरील मालकीचा दावा आम्हांस विचित्र वाटतो. वाचन बरोबर असेल तर तो पाठ मूळ लेखकाचा. तो आपला म्हणणारा संपादक, आपण जोडलेली अक्षरें मुळांत नव्हतीं, असेंच कबूल करीत नाहीं काय?

मोडी वाचणारांस हा पेंच नवा नाहीं. सलग रेघेखालीं न तोडलेले शब्द, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, फाटलेली कड. तेथें बालबोध करणारास पदोपदीं निर्णय करावा लागतो. प्रस्तावना, टीपा, तिथींचा मेळ आणि तर्कानें कंसांत घातलेलीं अक्षरें यांवर त्याचा हक्क असावा. खुला परवाना लावावयाचा तर याच भागास लावावा. पेशवाईंतील कारकुनाच्या पत्राच्या नुसत्या छायेस तो लावल्यानें साध्याभोळ्या वाचकाची समजूत होते कीं, नांव निर्देशिल्यावांचून किंवा त्याच अटींवर पुढें दिल्यावांचून आपणांस तें पत्र छापतां येणार नाहीं. क्रिएटिव्ह कॉमन्सनें स्वतःच २०१० मध्यें, ज्यांवर कोणाचाही हक्क उरला नाहीं अशा कृतींसाठीं, निराळें चिन्ह प्रसिद्ध केलें आहे. तें मराठी स्थळांवर क्वचितच दिसतें. ‘अव्यापारी उपयोगापुरतें’ ही अट तर अशा पत्रांवर निव्वळ हौसेनें घातलेली असते.

कागदाच्या धन्याचे अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. दप्तर उघडावें कीं न उघडावें, हें तोच ठरवील. छायाप्रत देतांना त्यानें करार करून घेतला असेल तर तो करार करणारांस बांधील. परंतु ज्यानें स्वतः ती प्रत सर्वांसमोर मांडली आहे आणि जो तिच्यावर स्वामित्वहक्क सांगतो, त्यानें त्या पानावर आपल्या हातचें काय आहे, तें ओळीओळीनें दाखवावें.