रात्रभर चूक सापडली नाही, म्हणून?

संगणकाची रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचा छंद असलेली मंडळी ‘प्राइम९५’ ही आज्ञावली रात्रभर चालवतात. सकाळपर्यंत चूक नोंदली गेली नाही, की जुळणी ‘स्थिर’! ही कसोटी आम्हांला अपुरी वाटते.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा धारित्रातला विद्युतभार. तो गळतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. भरताना वाचन थांबते. तो वेळ वाचवण्यासाठी हौशी मंडळी ही मुदत लांबवतात. पण तापमान वाढले की गळतीही वाढते. थंड रात्री निभावलेली जुळणी भर दुपारी निभावेलच असे नाही.

खेळात हे चालून जाईल. ‘प्राइम९५’ मात्र मुळात १९९६ साली सुरू झालेल्या ‘गिम्प्स’ प्रकल्पाची आज्ञावली. त्यात जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर मर्सेन मूळ संख्या शोधतात. तिथल्या ल्यूका-लेहमर कसोटीत कोट्यवधी वेळा वर्ग करावा लागतो आणि प्रत्येक पायरी आधीच्या उत्तरावर उभी असते. मध्येच एक बिट उलटला की पुढचे सगळे वाया. संगणक मात्र बिनबोभाट चालूच. म्हणून तीच संख्या पुन्हा स्वतंत्रपणे तपासावी लागे. पुढे प्रकल्पाने वेगळी कसोटी स्वीकारली. तिच्यासोबत रॉबर्ट गेर्बिट्स यांची तपासणी चालते. ती गणित सुरू असतानाच चूक पकडते आणि संगणकाला शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर परत नेते. आमच्या मते खरी कसोटी ही. अशी सोय नसलेल्या प्रकल्पासाठी रॅम ठरल्या वेगावरच ठेवावी.