तोडीचा गंधार आणि संगणकाचा निवाडा

कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै या गावी घडवल्या जाणाऱ्या नागस्वरमला २०२२ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. शेजारचे तिरुवावडुदुरै हे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले गाव. आणि राजरत्नम म्हणजे तोडी, हे समीकरण दक्षिणेत आजही रूढ आहे. संगीताचे सौंदर्यमूल्य संगणकाला ठरवता येईल काय, हा प्रश्न या तोडीच्या संदर्भात विचारला असता त्याचे स्वरूप बरेच स्पष्ट होते.

कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवीचेच. मैफलीच्या अखेरीस मराठी श्रोत्याला जे स्वर निरोपाचे वाटतात, तेच कावेरीकाठी रागविस्ताराचा कळस होतात. केवळ स्वरसंच मोजणाऱ्या यंत्राला हा भेद कळणे शक्य नाही. त्यासाठी गमकांकडे वळावे लागते. तोडीतला गंधार आपल्या जागी स्थिर उभा राहत नाही. रिषभ आणि मध्यम यांच्यामध्ये तो आंदोलत राहतो. परिणामी, स्वरांच्या वारंवारितेचा आलेख काढला तर गंधाराच्या ठिकाणी ठळक शिखर उमटत नाही. रागाचा प्राण जेथे, नेमका तेथेच आलेख धूसर!

ही अडचण संशोधकांनी ओळखली होती. बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात कर्नाटक व हिंदुस्थानी संगीताचा आधारस्वर, राग आणि पुनरावृत्त स्वरवाक्ये यंत्राकरवी ओळखण्याचे काम झाले. स्वरवाक्यांवरून राग ओळखण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. तंजावरचे तुळजाराजे भोसले (कारकीर्द १७२८–१७३६) यांच्या ‘संगीतसारामृता’तही रागांचे निरूपण अशा प्रयोगांच्या आधारेच केलेले आहे. परंतु ओळख म्हणजे मूल्य नव्हे. तोडी ही तोडीच आहे हे सिद्ध झाल्याने, राजरत्नम यांची तोडी एखाद्या विद्यार्थ्याच्या बिनचूक तोडीहून श्रेष्ठ का, याचा उलगडा होत नाही.

मूल्याचेच गणित मांडण्याचा प्रयत्न जॉर्ज बर्कहॉफ या गणितज्ञाने १९३३ मध्ये केला: रचनेतील सुव्यवस्थेला जटिलतेने भागले की सौंदर्याचे माप मिळते. हे सूत्र आज भाबडे वाटते. तरीही मर्ढेकरांची लयतत्त्वाची कल्पना त्याच्यापासून आपण समजतो तितकी दूर नाही. संवाद, विरोध आणि समतोल हे जर सौंदर्याचे पुरेसे नियम असतील, तर ते मोजण्यास तत्त्वतः आडकाठी कोणती? रूपवादी भूमिकेला संगणकाने घातलेला हा पेच मर्ढेकरांच्या समर्थकांनी गंभीरपणे घ्यायला हवा. उलट, रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) ज्या कांटचा सखोल विचार केला, त्याच्या मते सौंदर्यविधान कोणत्याही नियमावरून निष्पन्न होत नाही, ते ज्याचे त्याने स्वतःच्या अनुभवावर करायचे असते. आजची यंत्रे लिखित नियमांवर चालत नाहीत, उदाहरणांवरून शिकतात. म्हणून या आक्षेपाचा पूर्वार्ध त्यांना लागू पडत नाही, असे कोणी म्हणेल. उत्तरार्ध मात्र तसाच उरतो. श्रोत्यांनी दिलेल्या गुणांवर शिकलेले यंत्र त्या श्रोत्यांची अभिरुची परत करते. तिचा अंदाज अचूक असू शकतो, पण तो निवाडा त्याचा स्वतःचा नसतो.

पुरवलेल्या सामग्रीचाही प्रश्न आहे. मंदिराच्या मिरवणुकीत तासन्‌तास चालणारा आलाप जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागे. यंत्राने ऐकायची राजरत्नम यांची तोडी बव्हंशी ही अशी.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. गाणाऱ्याचा स्वर ठरीव स्वरस्थानापासून किती ढळला हे मोजून गुण देणाऱ्या प्रणाली आता घरोघरी पोचल्या आहेत. अशा प्रणालीपुढे तोडीचा गंधार परंपरेप्रमाणे लावणारा विद्यार्थी बेसूर ठरेल. त्याने तो स्थिर, सपाट लावला तर त्याचे गुण वाढतील आणि तोडी नाहीशी होईल.